पोस्ताचा प्याला

दिवाळीच्या फराळात अनारसा ज्या खसखशीवर थापला जातो, ती खसखस महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात इतकी सोज्ज्वळ मानली गेली आहे की हास्यविनोद रंगला म्हणजे मराठी माणूस ‘खसखस पिकली’ असे म्हणतो. ही खसखस ज्या बोंडात पिकते त्याच बोंडाच्या सालीतून अफू निघते, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. बोंड हिरवे आणि कोवळे असताना दुपारच्या वेळी बारीक पात्यांच्या हत्याराने त्यावर उभ्या चिरा देतात. रात्रभर त्यांतून दुधासारखा चीक पाझरतो आणि सकाळी ऊन चढण्यापूर्वी तो खरवडून घेतात. हवा लागून तपकिरी झालेला हा चीक म्हणजे अफू. आतल्या दाण्यांत तिचा अंश जवळजवळ नसतो. एकाच फळाने मिठाई द्यावी, वेदनाशामक औषध द्यावे आणि माणसाची माती करणारे व्यसनही द्यावे, असे उदाहरण वनस्पतिसृष्टीत फारसे सापडणार नाही. औषध कोठे संपते आणि व्यसन कोठे सुरू होते, हा प्रश्न आज डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या गोळ्यांच्या आणि सिरपच्या संदर्भात विचारला जातो. पण भारतात तो या बोंडाच्या निमित्ताने निदान चार शतके विचारला जात आहे.

चरक आणि सुश्रुत यांना अफू ठाऊक नव्हती. अरब व्यापाऱ्यांबरोबर ती या देशात आली आणि शार्ङ्गधरसंहितेच्या काळापर्यंत ‘अहिफेन’ या नावाने वैद्यांच्या बटव्यात स्थिरावली. अतिसार थांबवावा, खोकल्याची उबळ शमवावी, कळ मारावी, झोप आणावी, या चारही कामांत तिच्या तोडीचे दुसरे औषध त्या काळी नव्हते. ज्या औषधाने खरोखरच गुण येतो त्याचाच मोह माणसाला सुटत नाही. निष्फळ औषधाचे व्यसन कोणालाही लागलेले ऐकिवात नाही.

या मोहाचे एक जुने चित्र गोव्यात छापलेल्या ग्रंथात आढळते. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत असे आणि अहमदनगरच्या निजामशहाच्या दरबारी त्याचे येणेजाणे होते. हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात प्रसिद्ध झाला. त्यात अफूवर स्वतंत्र प्रकरण असून, कैरोची, एडनची आणि खंबायत-माळव्याकडची अफू रंगाने व पोताने कशी निराळी असते, याची जाणकारीने नोंद केली आहे. तेथेच निजामशहाच्या एका खुरासानी चिटणिसाचा उल्लेख येतो. हा गृहस्थ दररोज एवढी अफू खाई की नवख्या माणसाचा तीत प्राणच गेला असता. तो बहुधा पेंगत बसलेला दिसे. परंतु कामाचा विषय काढला की विद्वानाला शोभेल असे बोले. व्यसनी मनुष्य आपल्या डोळ्यांसमोर कोसळतो तेव्हाच आपण त्याला व्यसनी म्हणतो. हा चिटणीस कोसळला नव्हता, दौत-लेखणी सांभाळून होता, आणि म्हणून त्याच्या पेंगण्याकडे कोणी रोग म्हणून पाहिले नसावे. असे चिटणीस प्रत्येक काळातील कचेऱ्यांनी पाहिले आहेत.

जहांगीर बादशहाच्या दरबारातील इनायतखान मात्र कोसळला. १६१८ साली तो बादशहापुढे आणला गेला तेव्हा अफू आणि मद्य यांनी त्याचे शरीर हाडे आणि कातडी एवढेच उरले होते. आग्र्याला जाण्याची परवानगी मागण्यासाठी त्याला पालखीतून आणावे लागले. जहांगीर स्वतः मद्य आणि अफू या दोहोंचा सेवक होता, आणि आपल्या आत्मचरित्रात त्याने ते लपवलेले नाही. समोरचे दृश्य पाहून त्याने खानाला वाटखर्चासाठी पैसे दिले आणि त्याचबरोबर चित्रकारांना त्याचे चित्र काढण्याची आज्ञा केली. दुसऱ्या दिवशी इनायतखान वारला. उशा-लोडांना टेकून बसलेली, बरगड्या मोजता येतील अशी ती आकृती आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे आणि तिचे रेखाचित्र बोस्टनच्या संग्रहालयात आहे. व्यसनाच्या अखेरच्या अवस्थेचे इतके निर्विकार आणि म्हणूनच इतके भेदक चित्रण कोणत्याही वैद्यकीय ग्रंथाला साधलेले नाही. ज्या बादशहाने ते काढविले त्याच्या मनात त्या क्षणी स्वतःविषयी काय आले असेल, याचा उल्लेख आत्मचरित्रात नाही.

त्याच्या नातवाच्या काळात हीच अफू राजकारणाचे हत्यार बनली. गादीवर हक्क सांगू शकतील अशा राजपुत्रांना ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कोंडत आणि तेथे त्यांना ‘पोस्त’ पाजत असत. फ्रेंच वैद्य बर्निए याने या पेयाची कृती लिहून ठेवली आहे: खसखशीची बोंडे कुस्करून रात्रभर पाण्यात भिजत घालावयाची आणि सकाळी ते पाणी कैद्याला द्यावयाचे. प्याला रिकामा होईपर्यंत त्याला अन्न मिळत नसे. काही महिन्यांत शरीर खंगे, बुद्धी मंद होई आणि रक्ताचा एक थेंबही न सांडता राज्याचा वारसदार नाहीसा होई. दाराचा मुलगा सुलेमान शुकोह बेड्या घालून औरंगजेबापुढे उभा करण्यात आला, तेव्हा त्याने विनवणी केली ती प्राणदानाची नव्हती. पोस्त पाजावयाचे असेल तर त्यापेक्षा आताच मारून टाका, एवढेच त्याचे मागणे होते. त्याला पोस्त दिले जाणार नाही, असे वचन औरंगजेबाने भर दरबारात दिले. बर्निए तेथे हजर होता. १६६२ साली सुलेमान ग्वाल्हेरच्या किल्ल्यातच मरण पावला.

राजपुताना, काठेवाड आणि माळवा या भागांत अफूला निराळीच प्रतिष्ठा होती. पाण्यात विरघळवून गाळलेला ‘कसुंबा’ यजमानाच्या ओंजळीतून पाहुण्याने प्यावयाचा आणि जुनी वैरे त्या ओंजळीत बुडवावयाची, असा तेथील रिवाज होता. समाजाने ठरवलेल्या प्रसंगी आणि ठरवलेल्या मापाने घेतलेल्या अफूने त्या मानाने कमी माणसे बुडाली, असे म्हणण्यास जागा आहे. तिचा खरा प्रलय झाला तो ती हिशेबाच्या वहीत शिरल्यानंतर.

१७७३ साली वॉरन हेस्टिंग्जने बंगाल-बिहारमधील अफूचा मक्ता कंपनीच्या हाती घेतला. पुढे पाटणा आणि बनारस येथे कंपनीच्या एजन्स्या झाल्या, गाझीपुरात कारखाना उभा राहिला, आणि शेतकऱ्याला आगाऊ रक्कम देऊन त्याच्याकडून ठरल्या भावाने चीक विकत घेण्याची पद्धत बसली. माल कलकत्त्याच्या लिलावात विकला जाई आणि खाजगी व्यापाऱ्यांच्या जहाजांतून चीनला जाई. चीनच्या बादशहाने अफूवर १७२९ सालीच निर्बंध घातले होते. म्हणून कंपनीने स्वतःच्या जहाजांत ती कधी चढविली नाही. कायदा तोडण्याचे काम दुसऱ्याकडे आणि नफा आपल्याकडे, ही वाटणी त्या काळच्या कंपनी सरकारला अप्रामाणिकपणाची वाटली नाही.

पश्चिम हिंदुस्थानात गोष्ट थोडी वेगळी होती. माळव्याची अफू शिंदे, होळकर आणि राजपूत संस्थानिकांच्या मुलखात पिके. तेथे कंपनीचा मक्ता चालत नसे. हा माल दमणच्या वाटेने आणि सिंधमधून बाहेर पडे. तो अडवता येत नाही असे दिसताच कंपनीने १८३० च्या सुमारास धोरण बदलले: माल मुंबई बंदरातून न्या, पेटीमागे परवान्याची फी भरा आणि खुशाल चीनला पाठवा. १८४३ साली सिंध जिंकला गेल्यावर कराचीची आडवाट बंद झाली आणि फी भराभर वाढली. १८४७ साली ती पेटीमागे ४०० रुपये होती. जमीनमहसुलाच्या खालोखाल अफू ही हिंदुस्थान सरकारच्या उत्पन्नाची एक मोठी बाब होऊन बसली. खजिन्यात अशा मार्गाने पैसा येऊ लागला की तो बंद करण्याचा विचार सुचणे किती कठीण जाते, हे राज्यकारभार जवळून पाहिलेल्या कोणालाही सांगावयास नको.

मुंबई शहराच्या उभारणीत या व्यापाराचा वाटा फार मोठा आहे. कापूस आणि अफू या दोन मालांवर येथील अनेक पारशी, गुजराती, बोहरी आणि मारवाडी पेढ्या श्रीमंत झाल्या. सर जमशेटजी जीजीभाई हे त्यांत अग्रगण्य. चीनच्या व्यापारात त्यांनी अपार संपत्ती मिळविली आणि ती तितक्याच मोकळ्या हाताने दानधर्मात खर्च केली. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि त्याच्या जोडीने त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले जे. जे. रुग्णालय मुंबईच्या गरिबांचा आधार बनले. आज त्या रुग्णालयात व्यसनमुक्तीसाठी येणाऱ्या रुग्णांना हा इतिहास ठाऊक असण्याचे कारण नाही. आणि जमशेटजींच्या काळात अफूचा व्यापार हा प्रतिष्ठित व्यापार होता, हेही विसरून चालणार नाही. ऐतिहासिक पुरुषाला आजच्या न्यायासनापुढे खेचणे सोपे असते. परंतु हिशेबाची दुसरी बाजू कॅन्टनच्या बंदरात लिहिली जात होती, तीही मांडली पाहिजे. १८३९ साली कमिशनर लिन याने वीस हजारांहून अधिक पेट्या अफू जप्त करून हूमेन येथे चुनखडी आणि मीठ मिसळून नष्ट केली. त्या पेट्यांत मुंबईकरांचाही पुष्कळ माल होता. त्यावरून युद्ध झाले, १८४२ साली हाँगकाँग इंग्रजांना मिळाले आणि दुसऱ्या युद्धानंतर चीनला अफूचा व्यापार कायदेशीर मानणे भाग पडले.

याच सुमारास युरोपात अफूच्या पोटातून तिची मुले बाहेर पडत होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झेर्ट्युर्नर नावाच्या एका जर्मन औषधविक्रेत्याच्या तरुण मदतनिसाने अफूतील मुख्य द्रव्य वेगळे काढले आणि ग्रीक स्वप्नदेवतेवरून त्याला मॉर्फिन हे नाव दिले. १८५३ च्या सुमारास त्वचेखाली औषध घालण्याची पिचकारी प्रचारात आली. पोटात न जाता थेट रक्तात उतरणाऱ्या मॉर्फिनची चटक लागणार नाही, कारण चटक ही भुकेसारखी पोटातून येते, अशी तेव्हाच्या अनेक डॉक्टरांची प्रामाणिक समजूत होती. ती किती खोटी होती हे बर्लिनच्या लेव्हिन्स्टाइनने १८७७ साली मॉर्फिनच्या व्यसनावर पुस्तक लिहून दाखवून दिले. त्याच्या रुग्णांत स्वतः डॉक्टरच पुष्कळ होते. मग मॉर्फिनहून सौम्य औषधाचा शोध सुरू झाला. लंडनच्या एका रसायनज्ञाने १८७४ सालीच बनवून बाजूला ठेवलेले एक द्रव्य १८९७ साली जर्मनीतील बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत पुन्हा तयार झाले. त्याच उन्हाळ्यात त्याच प्रयोगशाळेत ॲस्पिरिनही सिद्ध झाले. पुढील वर्षी हे पहिले द्रव्य खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आले. चटक न लावणारे आणि वीरासारखे गुणकारी, म्हणून त्याचे नाव ठेवले हेरॉइन. क्षय आणि न्यूमोनिया यांनी माणसे पटापट मरत असलेल्या त्या काळात खोकल्याचे प्रभावी औषध म्हणजे मोठीच देणगी होती, आणि डॉक्टरांनी तिचे स्वागत केले यात नवल नाही. पंधरा-वीस वर्षांत अमेरिकेतील इस्पितळे हेरॉइनच्या व्यसनी तरुणांनी भरली. १९२४ साली तेथे या औषधाची निर्मितीच बंद करण्यात आली.

इंग्लंडमध्ये अफूविरोधी चळवळीने जोर धरला तेव्हा पार्लमेंटने १८९३ साली लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली एक रॉयल कमिशन नेमले. दरभंग्याचे महाराज आणि जुनागडचे दिवाण हरिदास विहारीदास देसाई हे त्यातील हिंदी सभासद. कमिशन देशभर फिरले, ७२३ साक्षीदार तपासले, अठ्ठावीस हजारांवर प्रश्न विचारले आणि १८९५ साली सात खंडांचा अहवाल सादर केला. निष्कर्ष असा की हिंदी माणूस अफू बेताने खातो, इंग्रज दारू पितो त्याहून त्यात अधिक अपाय नाही आणि बंदीची जरुरी नाही. हेन्री विल्सन या एकट्या सभासदाने भिन्नमतपत्रिका जोडली. कमिशनने पुरावा कसा जमवला, साक्षीदार कोणी निवडले, यावर त्याने ठेवलेले आक्षेप आजही वाचण्यासारखे आहेत. ज्या सरकारचे उत्पन्न पणाला लागले होते त्याच सरकारच्या अधिकाऱ्यांनी साक्षीदार हजर करावयाचे, ही चौकशीची तऱ्हाच मुळात सदोष होती. तरीही त्या सात खंडांना निव्वळ रंगसफेदी म्हणणे अन्यायाचे होईल. मलेरियाच्या मुलखात अफू हे गरिबाचे एकमेव औषध होते, आणि डॉक्टर नसलेल्या खेड्यातून ते काढून घेणे क्रूरपणाचे ठरले असते, हे साक्षीदारांचे म्हणणे खरे होते.

दादाभाई नौरोजींनी हिंदुस्थानच्या दारिद्र्याची मीमांसा करताना या व्यापाराचा कडक शब्दांत निषेध केला होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०७ साली व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर बोलताना, चिनी लोकांच्या अधःपातातून मिळणाऱ्या या महसुलाचा विचार मनात आला की आपल्याला खोल अपमान वाटतो, अशा आशयाचे उद्गार काढले. एक पै जरी महसूल बुडाला तरी तो गरिबावरील कराच्या रूपाने भरून काढावा लागेल, हे गोखल्यांएवढे दुसऱ्या कोणाला कळत असेल? त्यांच्यासारख्या आकडेशास्त्राच्या उपासकाने एखादे उत्पन्न नको म्हणावे, याला फार किंमत होती. त्याच वर्षी इंग्रज आणि चीन यांच्यात निर्यात दरसाल एक दशांशाने कमी करण्याचा करार झाला आणि १९१३ साली ती थांबली.

चीनची वाट बंद झाली, पण घरातील प्रश्न शिल्लक होता. तो मुंबईच्या गिरणगावात ज्या रूपाने प्रकट झाला ते रूप आठवले की मन विषण्ण होते.

कोकणातून आणि घाटावरून आलेली हजारो कुटुंबे परळ, लालबाग, डिलाइल रोडच्या चाळींत एकेका खोलीत राहत असत. नवरा-बायको दोघेही गिरणीत जात. सकाळी भोंगा झाला की आई साच्यावर किंवा रिळांच्या खात्यात हजर पाहिजे. उशीर झाला तर पगार कापला जाई. तान्हे मूल कोणाच्या भरवशावर ठेवावयाचे? गावी आजी होती, चुलती होती, अंगणात खेळणारी मोठी मुले होती. येथे शेजारच्या खोलीतील बाईही गिरणीतच. अशा वेळी ‘बाळगोळी’ कामास येई. परंपरागत बाळगुटीशी, म्हणजे सहाणेवर उगाळून दिल्या जाणाऱ्या जायफळ, वेखंड, हळकुंड यांच्या चाटणाशी, तिचे केवळ नामसादृश्य होते. बाळगोळी म्हणजे अफूची बारीक गोळी. सकाळी ती दुधात किंवा बोटावर चाटवली की मूल संध्याकाळपर्यंत निपचित पडून राही. ‘अफूची गोळी देणे’ हा वाक्प्रचार मराठीत आज आपण सभा-भाषणांच्या संदर्भात सहज वापरतो. त्या चाळींत तो वाक्प्रचार नव्हता.

निजलेले मूल रडत नाही, म्हणून दूध मागत नाही. अफूने भूक मरते, शौच अडते, श्वास मंदावतो. महिना-दोन महिन्यांत मूल सुकू लागे; त्याची किरकिर वाढे आणि किरकिर थांबवण्यासाठी गोळी मोठी होई. गोळीचे वजन कोणी मोजलेले नसे. एखाद्या दिवशी ती जराशी मोठी पडली म्हणजे आई परत येईपर्यंत बाळ उठत नसे. दम लागलेल्या, छाती भरलेल्या मुलाला ती दिली तर खोकला बंद होई आणि त्याबरोबर श्वासही. मुंबईत १९२१ साली नोंदलेल्या हजार जन्मांमागे ६६६ अर्भके वर्षाच्या आत दगावली. एका खोलीतील कोंदट वस्ती, पटकी, इन्फ्लुएंझा, बाळंतपणातील हेळसांड अशी त्याची अनेक कारणे होती. शिवाय बाळंतपणासाठी बायका गावी जात, त्यामुळे शहरातील जन्मांची नोंद अपुरी राही आणि हे प्रमाण फुगलेले दिसे. एकट्या अफूवर तो आकडा लादता येत नाही. परंतु त्या काळी चाळींत फिरून पाहणी करणाऱ्या डॉक्टर स्त्रियांना गिरणीकामगार बायकांची बहुसंख्य मुले अफूवर वाढत असलेली आढळली होती, हे नाकारता येणार नाही.

या आयांना अडाणी आणि निर्दय म्हणणारे सुशिक्षित त्या काळी पुष्कळ होते. त्यांना एका गोष्टीची माहिती नव्हती. शंभर वर्षांपूर्वी खुद्द इंग्लंडमध्ये, मँचेस्टरच्या कापडगिरण्यांच्या छायेत, हेच घडून गेले होते. तेथे गोळीऐवजी ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचे गोड सिरप होते, त्यात अफूचा अर्क असे आणि ते किराणा दुकानात मिळे. अमेरिकेत मुलांचे दात येतानाची कुरकुर थांबवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या प्रसिद्ध सिरपात मॉर्फिन असे. गिरणीचा भोंगा, कामावर गेलेली आई आणि झोपवलेले मूल ही तिन्ही एकत्रच आली होती, मग शहर लँकेशायरचे असो की मुंबईचे. यावर खरा इलाज उपदेशाचा नव्हता. गिरणीत पाळणाघर असावे, बाळंतीण बाईला पगारी रजा मिळावी, हा होता. मुंबई इलाख्याने १९२९ साली प्रसूतिसाहाय्याचा कायदा केला. तो पुरा नव्हता, गिरणीमालकांनी त्याला पुष्कळ फाटे फोडले. पण बाळगोळीच्या विरोधात झालेले पहिले खरे काम ते होते, आणि त्या कायद्यात अफू हा शब्दही नाही.

वैद्यकाच्या बाजूने या प्रश्नाचा सर्वांत कसोशीने अभ्यास कर्नल रामनाथ चोप्रा यांनी केला. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्यांनी अफूच्या सवयीची, मुलांना अफू देण्याच्या चालीचीही, शास्त्रीय तपासणी केली. १९३० साली सरकारने औषधांच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे तेच अध्यक्ष होते. बाजारात विकली जाणारी औषधे किती भेसळीची आणि निकृष्ट आहेत हे त्या समितीने उघड केले आणि त्यातून १९४० चा औषधांचा कायदा जन्मास आला. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय अमुक औषध विकू नये, हे बंधन पुढे १९४५ च्या नियमांतून आले. १८५७ आणि १८७८ चे अफूचे कायदे मुख्यतः महसूल सांभाळण्यासाठी होते. १९३० च्या घातक औषधांच्या कायद्याने प्रथमच दृष्टी थोडी बदलली. आसामात काँग्रेसच्या चौकशी समितीने सी. एफ. अँड्र्यूज यांच्या साहाय्याने १९२५ साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यानेही सरकारला स्वस्थ बसू दिले नाही. स्वातंत्र्यानंतर दहा वर्षांत अफूचा औषधाव्यतिरिक्त वापर संपविण्याचे ठरले आणि १९५९ च्या एप्रिलपासून ती बंदी अमलात आली. नोंदलेल्या जुन्या व्यसनी माणसांना डॉक्टरी दाखल्यावर थोडी अफू मिळत राहिली. या सर्व पिकावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचे मुख्य ठाणे ग्वाल्हेरला आहे. ज्या गावच्या किल्ल्यात पोस्ताचा प्याला भरला जात असे, त्याच गावातून आज पोस्ताच्या शेतीचे परवाने हलतात.

यापुढची कथा बोंडाची कमी आणि बाटलीची व गोळीची अधिक आहे. १९५१ साली इंद्रकिशोर कक्कड आणि सय्यद हुसेन झहीर हे दोन हिंदी शास्त्रज्ञ मलेरियावर औषध शोधत असता त्यांच्या हाती मेथाक्वालोन हे द्रव्य आले. मलेरियाला त्याचा उपयोग झाला नाही. पण त्याने झोप चांगली येते असे दिसले. युरोप-अमेरिकेत ते निद्रानाशाचे निर्धोक औषध म्हणून खपले, मँड्रॅक्स या नावाने जगभर गेले आणि निर्धोक नाही हे कळेपर्यंत लाखो लोकांना त्याची चटक लागली. आता ते औषध म्हणून कोठेच उरलेले नाही. २०१६ साली उदयपूरजवळ त्याच्या चोरट्या गोळ्यांचा सुमारे साडेतेवीस टनांचा साठा मात्र पकडला गेला. हेरॉइनच्या कथेची पुनरावृत्ती अमेरिकेतही झाली. १९८० साली एका वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले: इस्पितळात अफूवर्गीय औषध दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी व्यसन लागलेले फक्त चार. इस्पितळातील देखरेखीत थोडे दिवस दिलेल्या औषधाची ती नोंद होती. तिचा आधार घेऊन, महिनोन्महिने घरी घ्यावयाची गोळीही सुरक्षित आहे असे डॉक्टरांना सांगितले जाऊ लागले आणि १९९६ पासून ऑक्सिकोडोनच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या गोळीचा तुफान खप झाला. २०२१ साली त्या देशात मादक द्रव्यांच्या अतिसेवनाने एका वर्षात मेलेल्यांचा आकडा एक लाखावर गेला. त्यांतील बहुतेक मृत्यू तोपर्यंत चोरट्या फेंटॅनिलचे होते. परंतु वाट दाखवली होती ती चिठ्ठीने.

भारतात नेमकी उलट चूकही घडली. १९८५ साली मादक द्रव्यांचा कडक कायदा झाला. त्यात किमान दहा वर्षांच्या शिक्षेची तरतूद होती आणि मॉर्फिन बाळगण्यासाठी निरनिराळ्या खात्यांचे इतके परवाने लागू लागले की इस्पितळांनी आणि दुकानदारांनी ते ठेवणेच सोडून दिले. जो देश जगाला कायदेशीर अफू पुरवतो, त्याच देशातील कर्करोगाचे रोगी वेदनेने तळमळत मरू लागले. पुढील दहा-बारा वर्षांत वैद्यकीय मॉर्फिनचा वापर पूर्वीच्या मानाने नगण्य झाला. कोझिकोड येथे १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशामक सेवेची संस्था काढली आणि वर्षानुवर्षे सरकारदरबारी खेटे घातले, तेव्हा २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्यांचे जंजाळ कमी झाले. कागद बिनचूक ठेवण्याच्या हौसेपायी माणूस डोळ्याआड होतो, याचे याहून दुःखद उदाहरण शोधावे लागणार नाही.

दुसऱ्या बाजूला, ज्यांना कसलेही दुखणे नाही त्यांना कोडीनयुक्त खोकल्याचे सिरप, ट्रॅमाडॉलच्या गोळ्या आणि झोपेची औषधे गल्लीतल्या दुकानात मिळत राहिली. सिरपच्या बाटल्या तर बंगालच्या सीमेवरून बांगलादेशात चोरून जाऊ लागल्या. कॅन्टनच्या वाटेने गेलेल्या पेट्यांचे हे लहानसे वंशज. २०१३ च्या नियमाने काही औषधांसाठी दुकानदाराने डॉक्टरचे आणि रोग्याचे नाव वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपावी असे ठरले. २०१८ साली ट्रॅमाडॉलही मादक द्रव्यांच्या कायद्याखाली आणले गेले. केंद्र सरकारने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करून घेतलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे दहा ते पंचाहत्तर वर्षे वयाच्या सुमारे सव्वादोन कोटी लोकांनी वर्षभरात अफूवर्गीय द्रव्ये घेतली होती. कच्ची अफू घेणारे त्यांत अर्धा टक्का लोकसंख्येइतके; औषधाच्या दुकानातील अफूवर्गीय गोळ्या-सिरपे घेणारे जवळजवळ एक टक्का. झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्या घेणारे याशिवाय सव्वा कोटीच्या घरात. एका काळी गुत्त्यावर उभी असलेली रांग दुकानाच्या काउंटरकडे सरकली आहे.

नीमच आणि गाझीपूर येथील सरकारी कारखाने अजून चालू आहेत. मंदसौर, नीमच, चितोड या जिल्ह्यांत दर वर्षी परवानाधारक शेतकरी अफूचा चीक घेऊन वजनाला येतो. ठरल्या प्रमाणाहून तो कमी भरला तर पुढल्या सालचा परवाना जाण्याची भीती असते, आणि जास्त निघालेला चीक चोरवाटेने विकत घेणारा गावाबाहेर उभा असतो. अलीकडे, २०२०-२१ नंतर, काही शेतकऱ्यांना निराळ्या प्रकारचे परवाने मिळू लागले आहेत. त्यांनी बोंडाला चीर द्यावयाची नाही. ते झाडावरच वाळू द्यावयाचे आणि वाळलेले बोंड सरकारला द्यावयाचे. मॉर्फिन मग कारखान्यातच काढले जाईल. अशा शेतात माघ-फाल्गुनात दुपारी पाते घेऊन फिरणारी माणसे दिसत नाहीत. बोंडे फोडून खसखस तेवढी शेतकरी काढून घेतो आणि ती नीमचच्या मंडीतून पुढच्या दिवाळीच्या अनारशांसाठी बाजारात येते.